नावडत्या क्लबच्या तरुण इंग्लिश मॅनेजरला कसे जोखावे

प्रतिस्पर्धी क्लबविषयी मनात राग असणे हा फुटबॉल पाहण्याचाच एक भाग आहे, आणि तो राग सोडून द्यावा असे सांगण्याचा माझा हेतू नाही. मी आर्सेनलचा चाहता आहे. चेल्सी हरली की मला आनंद होतो आणि तो लपवावा असे मला कधी वाटलेले नाही. अडचण दुसरीकडे आहे. अशा एखाद्या क्लबने चाळिशीच्या आतबाहेरच्या, फारसा अनुभव नसलेल्या इंग्लिश माणसाच्या हाती संघ सोपवला, की त्याच्या कामाविषयीचे आपले मत बहुधा पहिला सामना सुरू होण्यापूर्वीच पक्के झालेले असते आणि पुढे आपण केवळ त्याला पुरावे जोडत राहतो. 2019 मध्ये चेल्सीचा मॅनेजर झालेल्या फ्रँक लॅम्पार्डच्या बाबतीत मी स्वतः हेच केले. ते चुकीचे होते असे मला आज प्रामाणिकपणे वाटते, म्हणून हे मत रागातून नव्हे तर कामातून कसे घडवावे, ते येथे सांगतो.

आधी राग कोणावर आहे ते ठरवावे

क्लब का आवडत नाही, याचे कारण एका वाक्यात लिहून काढावे आणि त्या कारणाशी मॅनेजरचा किती संबंध आहे ते तपासावे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मिल्टन कीन्स डॉन्सचे आहे. विम्बल्डन एफसीला लंडनमधून मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मे 2002 मध्ये मिळाली, 2003 मध्ये क्लब तेथे गेला आणि 2004 मध्ये त्याचे नावही बदलले. ज्यांचा क्लब हिरावला गेला त्या चाहत्यांनी 2002 मध्येच एएफसी विम्बल्डन उभा केला. त्यांचा राग न्याय्य होता आणि इंग्लंडभरच्या चाहत्यांनी त्यांना साथ दिली. पण मे 2010 मध्ये एमके डॉन्सचा मॅनेजर झालेला कार्ल रॉबिन्सन तेव्हा अवघा 29 वर्षांचा होता. स्थलांतराचा निर्णय झाला त्या काळात तो एकवीस वर्षांचा तरुण होता आणि त्या निर्णयाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

2 डिसेंबर 2012 रोजी एफए कपमध्ये हे दोन क्लब प्रथमच समोरासमोर आले. स्टीफन ग्लीसनने लांबून मारलेल्या गोलने यजमान एमके डॉन्स पुढे गेले, जॅक मिडसनने डोक्याने गोल करून एएफसी विम्बल्डनला बरोबरीत आणले आणि भरपाईच्या वेळेत एमके डॉन्सच्या जॉन ओट्सेमोबोरच्या टाचेला लागून चेंडू जाळ्यात गेला. 2-1 असा तो निकाल पाहून बहुतेक तटस्थ माणसे हळहळली असतील. तरीही त्या संध्याकाळी रॉबिन्सनच्या संघाची चाल, त्याने केलेले बदल आणि त्याने तरुण खेळाडूंवर टाकलेला विश्वास यांचा विचार वेगळा करता आला पाहिजे. ऑगस्ट 2014 मध्ये लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला 4-0 असे हरवणारा आणि 2015 मध्ये चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये, बढती मिळवणारा संघ त्यानेच घडवला होता. पुढच्याच मोसमात तो संघ पुन्हा खाली घसरला, हेही त्याच्याच खात्यात मांडावे लागते.

न्यूकॅसलचे तसे सरळ नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने क्लब घेतल्यानंतर महिन्याभरात एडी हाऊ तेथे मॅनेजर म्हणून आला. मालक कोण आहे हे त्याला ठाऊक होते आणि तरीही त्याने ती नोकरी स्वीकारली. या निवडीबद्दल त्याला प्रश्न विचारणे योग्यच आहे. मात्र तो नैतिक प्रश्न आहे. बचावफळी नीट उभी राहते की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही, म्हणून दोन्हींची नोंद वेगवेगळ्या पानांवर करावी.

नेमणुकीच्या दिवशी हाती काय आले ते टिपून ठेवावे

हे काम त्याच दिवशी करावे, कारण सहा महिन्यांनी आपली स्मरणशक्ती रागाच्या बाजूने साक्ष देऊ लागते. लॅम्पार्ड जुलै 2019 मध्ये चेल्सीत आला तेव्हा तो 41 वर्षांचा होता आणि मॅनेजर म्हणून त्याच्या पाठीशी डर्बी काउंटीतला एकच मोसम होता. त्या मोसमात डर्बी चॅम्पियनशिपमध्ये सहावा आला आणि बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून 2-1 असा हरला. इकडे चेल्सीवर फिफाची खेळाडू खरेदीची बंदी होती आणि एडन हॅझार्ड रेआल माद्रिदला गेला होता. आधीच्या मोसमात संघ 72 गुणांसह तिसरा आला होता.

आता वर्षाअखेरचे आकडे शेजारी ठेवावेत. 2019-20 मध्ये चेल्सी 66 गुणांसह चौथी आली. मारलेले गोल 63 वरून 69 झाले, पण खाल्लेले गोल 39 वरून 54 वर गेले. हॅझार्डने आधीच्या मोसमात लीगमध्ये 16 गोल केले होते आणि क्लबच्या युवा अकादमीतून आलेल्या टॅमी एब्रहमने 15 केले. खरेदीबंदी असताना सर्वोत्तम खेळाडू गमावूनही संघाचे आक्रमण बोथट झाले नाही आणि चॅम्पियन्स लीगमधली जागाही टिकली. बचाव मात्र लक्षात येण्याइतका ढासळला. एवढे लिहिले की मत जवळपास तयार होते, आणि ते 'थोर' किंवा 'नालायक' यांपैकी कोणत्याही एका शब्दात मावत नाही. त्या वर्षी मी फक्त 54 हा आकडा सांगत फिरत होतो.

'इंग्लिश' या शब्दाला वजन किती द्यावे

तरुण इंग्लिश मॅनेजरभोवती दोन ठरलेली मते असतात आणि दोन्ही घाईची असतात. एक म्हणते की नावाच्या जोरावर नोकरी मिळाली. दुसरे म्हणते की इंग्लिश माणसाला मोठे क्लब संधीच देत नाहीत, म्हणून त्याला सांभाळून घ्यावे. दोन्हींमागे काही तथ्य आहे. चेल्सीसाठी 211 गोल करणारा, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल नावावर असणारा खेळाडू नसता, तर डर्बीतल्या एका मोसमानंतर ते पद लॅम्पार्डला मिळाले नसते. त्याच वेळी ग्लेन हॉडल 1996 मध्ये गेल्यापासून चेल्सीने एकाही इंग्लिश माणसाला कायमस्वरूपी मॅनेजर केले नव्हते, हेही खरे आहे. इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकणारा शेवटचा इंग्लिश मॅनेजर म्हणजे 1992 चा लीड्सचा हॉवर्ड विल्किन्सन. प्रीमियर लीग सुरू झाली ती त्यानंतर.

यावरचा उपाय सोपा आहे. नोकरी कशी मिळाली हा मुद्दा पहिल्या दिवशी लिहावा आणि पहिल्या सामन्यानंतर त्याचा आधार घेणे बंद करावे. ओळखीने मिळालेल्या खुर्चीवर बसून चांगले काम करता येते आणि पूर्ण गुणवत्तेने मिळालेल्या खुर्चीवर बसूनही फसता येते. राष्ट्रीयत्वाचा विचार क्लबच्या धोरणाविषयी बोलताना करावा. कॉर्नरवर गोल खाल्ला, तेव्हा त्याला तेथे काही काम नसते.

गुणफलक बाजूला ठेवून नव्वद मिनिटे पाहावीत

सर्वांत जास्त मेहनत येथे लागते. नावडत्या क्लबचे सामने आपण सहसा ठळक क्षणांच्या चित्रफितीतच पाहतो आणि त्याही ते हरले असतील तेव्हाच. निदान पाच सामने पूर्ण पाहावेत, आणि त्यांत त्यांनी जिंकलेले दोन असावेत.

लॅम्पार्डचा लीगमधला पहिला सामना 11 ऑगस्ट 2019 रोजी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर झाला आणि चेल्सी 4-0 ने हरली. त्या रात्री मी निकालाचे आकडे पाहून समाधानाने झोपलो. संपूर्ण सामना मी बऱ्याच काळाने पाहिला. एब्रहमचा फटका सुरुवातीलाच खांबाला लागला होता. झुमाने रॅशफर्डला पाडल्यामुळे युनायटेडला पेनल्टी मिळाली, त्यानंतर चेल्सीच्या एमर्सनचा फटका आडव्या दांड्यावर आदळला. पहिल्या तासाभरात चेल्सी कुठेही चिरडली जात नव्हती, आणि सामनाभरात तिने युनायटेडपेक्षा जास्त फटके मारले. मग मार्सियाल आणि रॅशफर्ड यांनी दोन-तीन मिनिटांच्या अंतराने गोल केले आणि शेवटी पदार्पण करणाऱ्या डॅनियल जेम्सने चौथा केला. चेंडू गमावल्याबरोबर चेल्सीच्या मधल्या फळीमागे मोकळे मैदान पडत होते आणि युनायटेडचे वेगवान खेळाडू थेट तेथे धावत होते. 4-0 हा आकडा त्या दिवसाच्या खेळाला साजेसा नव्हता, पण मागे पडणारी ती पोकळी अगदी खरी होती. पुढच्या 54 गोलांचा मागमूस पहिल्याच दुपारी दिसत होता आणि मी आनंदाच्या भरात तो पाहिलाच नाही.

पाहताना एक ठरावीक प्रश्न हाताशी ठेवावा: या खेळाडूकडून आधीचा मॅनेजर जे काढून घेऊ शकला नाही, ते याने काढले का? न्यूकॅसलमध्ये हाऊच्या बाबतीत याचे लख्ख उत्तर सापडते. जोएलिन्टन 2019 मध्ये पुढच्या फळीसाठी मोठी रक्कम मोजून आणलेला खेळाडू होता आणि गोल होत नसल्याने त्याची टिंगल चाले. 30 नोव्हेंबर 2021 रोजी नॉरिचविरुद्ध सियारन क्लार्कला नवव्याच मिनिटाला लाल कार्ड मिळाले, दहा जणांत खेळताना जोएलिन्टन मधल्या फळीत उतरला आणि ती जागा त्याला इतकी शोभली की तो पुढे तेथेच राहिला. पहिल्या 14 लीग सामन्यांत एकही विजय नसलेला तो संघ मोसमाअखेर अकरावा आला. जानेवारीत आलेल्या पैशाचा, ट्रिपियर आणि ब्रुनो गिमाराइश या नव्या खेळाडूंचा त्यात मोठा वाटा आहे आणि तो मालकांच्या खात्यात जातो. जोएलिन्टनचे श्रेय मात्र पैशाला देता येत नाही.

किती सामन्यांनंतर मत पक्के करावे, याला ठाम आकडा नाही. अर्धा मोसम तरी द्यावा असे मी मानतो. ब्रायन क्लफ 1974 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, ज्या लीड्सवर तो उघडपणे टीका करत आला होता त्याच क्लबचा मॅनेजर झाला आणि 44 दिवसांत बाहेर पडला. सहा लीग सामन्यांत एक विजय. त्या सहा सामन्यांवरून ज्यांनी त्याला मोडीत काढले, त्यांना नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टसह 1979 आणि 1980 चे युरोपियन कप उचलताना त्याला पाहावे लागले.

तेच माप आपल्या क्लबला लावून पाहावे

ही पायरी मला सर्वांत जड गेली. 2020 च्या उन्हाळ्यात चेल्सीने वेर्नर, हावर्ट्झ, चिलवेल, झियेश आणि मेंडी यांच्यावर मिळून 20 कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. डिसेंबरपासून संघ घसरू लागला आणि लॅम्पार्डच्या शेवटच्या आठ लीग सामन्यांपैकी पाच हरला. 25 जानेवारी 2021 रोजी त्याला काढले तेव्हा चेल्सी 19 सामन्यांत 29 गुणांसह नववी होती. हा अननुभवी माणूस हे पद पेलू शकला नाही, असे मी तेव्हा ठामपणे म्हणालो.

त्याच दिवशी आर्सेनल गुणतालिकेत चेल्सीच्या खाली होता. आमचा मिकेल आर्टेटा लॅम्पार्डहून तरुण होता, आणि आर्सेनलमध्ये येण्यापूर्वी मॅनेजर म्हणून त्याला डर्बीसारखा एक मोसमही मिळाला नव्हता. त्याला वेळ द्यावा, तो काहीतरी उभारतो आहे, असे मी त्याच आठवड्यात म्हणत होतो. आर्टेटाविषयीची माझी बाजू पुढे योग्य ठरली हा येथे मुद्दा नाही. जो संयम मी एकाला दिला तो दुसऱ्याला का नाकारला, याचे माझ्याकडे खेळातले एकही कारण नव्हते. म्हणून प्रत्येक ठाम वाक्य लिहिल्यावर त्यातले क्लबचे नाव खोडून आपल्या क्लबचे घालावे आणि ते वाक्य तरीही उच्चारवेल का ते पाहावे. जे उच्चारवत नाही ते काढून टाकावे.

तो गेल्यानंतरही वही बंद करू नये

वारसदाराचे यश किंवा अपयश पाहून जुने मत उलटेपालटे करण्याचा मोह होतो. लॅम्पार्डनंतर आलेल्या टुखेलने काही आठवड्यांतच बचाव घट्ट केला आणि 29 मे 2021 रोजी पोर्तूमध्ये मँचेस्टर सिटीला 1-0 ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यावरून लॅम्पार्डच्या बचावातला दोष सिद्ध होतो, कारण खेळाडू बव्हंशी तेच होते. पण त्या सामन्यात उजव्या बाजूने सिटीला रोखणारा रीस जेम्स आणि हावर्ट्झच्या गोलासाठी सिटीचा बचाव चिरणारा पास देणारा मेसन माऊंट, हे दोघेही अकादमीतले होते आणि प्रीमियर लीगमध्ये त्यांना पहिल्यांदा उतरवले ते लॅम्पार्डने. एप्रिल 2023 मध्ये तो हंगामी मॅनेजर म्हणून परतला आणि अकरांपैकी एकच सामना जिंकला. ती नोंद स्वतंत्र ठेवावी, कारण तो विस्कटलेला संघ त्याने बांधलेला नव्हता. माझ्या वहीत 2019 ते 2021 च्या पानावर आता दोन ओळी आहेत. बचाव त्याला उभारता आला नाही, ही पहिली. दुसरी ओळ माऊंटच्या त्या पासची आहे, आणि ती लिहिताना मला आजही थोडे जड जाते.