नव्या कॉम्प्युटरमध्ये जुनी एक्सपी

नौपाड्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, अहवाल, स्मरणिका. पंचवीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आहे, तेही युनिकोडच्या आधीच्या फाँटांत. जुना पीसी बंद पडला आणि त्याच आठवड्यात एका सोसायटीचे सेक्रेटरी आले, "काका, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आहे ना? आता सुवर्णमहोत्सव आहे." फाइल होती. पण तिच्यातला मजकूर नव्या मशीनवर आणला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागी बसवलेली असतात. फाँट नसला की वाचता येत नाही.

उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. त्यात जुनी विंडोज एक्सपी बसवायची आणि तिच्यावर पेजमेकर आणि ते फाँट चालवायचे. मी व्हर्च्युअलबॉक्स वापरतो, फुकट आहे.

आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू उघडा. 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे 'डिसेबल्ड' दिसलं तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करा. इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम या नावाने सापडेल.

मग नवं मशीन बनवा, प्रकार विंडोज एक्सपी, ३२ बिट. रॅम १ जीबी पुरते, डिस्क १० जीबी. डिस्क 'डायनॅमिक' ठेवा, म्हणजे लागेल तशी जागा घेते. डिस्क जोडण्याचा प्रकार, म्हणजे कंट्रोलर, आयडीईच असू द्या, एक्सपीजवळ नंतरच्या साटा प्रकाराचे ड्रायव्हर नसतात. एक्सपी बसवायला तुमची स्वतःची सीडी आणि की वापरा. माउस आत अडकला तर उजवं कंट्रोल दाबा.

नेटवर्कच्या सेटिंगमधली अॅडॉप्टरची खूण मात्र काढाच. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना, एखाददुसरा अपवाद सोडला तर, ठिगळ नाही. पत्रिकेचं पान लावायला इंटरनेट लागतही नाही.

आता पेजमेकर आणि फाँट टाका, सगळं नीट उघडतंय हे पाहा आणि लगेच स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर मशीन पुन्हा या क्षणावर येतं. पण इथेच मी हात पोळून घेतलेत. स्मरणिकेची दोन संध्याकाळींची करेक्शनं मी आतल्या सी ड्राइव्हवर सेव्ह केली होती. एक फाँट बसवताना गोंधळ झाला म्हणून स्नॅपशॉटवर परत गेलो, आणि करेक्शनंही गेली. सेक्रेटरींना फोन करून प्रुफं पुन्हा मागवावी लागली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून कामाच्या फायली शेअर्ड फोल्डरमध्येच. ते फोल्डर बाहेरच्या खऱ्या डिस्कवर असतं, स्नॅपशॉट त्याला हात लावत नाही. त्यासाठी आत 'गेस्ट अॅडिशन्स' हे व्हर्च्युअलबॉक्सचंच जोडसॉफ्टवेअर बसवावं लागतं.

छपाईला जाताना आतूनच पीडीएफ काढा, फाँट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या आतच बसवून.

आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो. महिन्यातून एकदा मशीन पूर्ण शटडाउन करा आणि त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा.