लाइटबारचा लपंडाव

पुण्याजवळ भोसरीत थार-जिम्नी या जीपगाड्यांना बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची दोरीची मोटर), लाइटबार (जादा दिव्यांची लांब पट्टी) बसवायचं आमचं काम. पावसाळ्यात एक थार परत आली. खड्ड्यात गेली की लाइटबार मिणमिणायचा. मी आधी रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बदलला, मग हाताचा स्विच. फरक शून्य. शेवटी लाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी लाइटबारच्या काळ्या वायरला लावली. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, दिसले २ व्होल्ट! ही वायर बॉडीला जोडणारा लग (टोकाची बोल्टने आवळायची रिंग) उघडला तर खाली बॉडीचा रंग तसाच, कडेने गंज, म्हणजे करंटला परतीची वाटच नीट नाही. फिटिंग आमच्याच पोराचं, म्हणजे शिव्या कुणाला घालणार? रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, लग आवळून वर ग्रीस फासलं. मीटरचा काटा, म्हणजे आकडा, ०.१ वर आला. काढलेला रिले चांगलाच होता, अजून ड्रॉवरमध्ये पडलाय.