फवारणी की वंध्यीकरण? एक्सेलवर ताडून बघा
बी.एस्सी.च्या पोरांना मी मॉडेलिंग शिकवतो ते एक्सेलच्या तीन रकान्यांवर: पिढी, फवारलेल्या किडी, वंध्य केलेल्या किडी. दोन्हींची सुरुवात १० लाखांनी करा, दर पिढीला वाढ पाचपट.

फवारणीत ९० टक्के मेल्या, तर उरल्या १ लाख. पाचने गुणा, ५ लाख. वंध्यकाने, म्हणजे किडींना वांझ करणाऱ्या रसायनाने, ९० टक्के नर-माद्या वांझ होतात, पण मरत नाहीत, आणि गंमत इथेच आहे. धड राहिलेल्या मादीलाही दहापैकी नऊ वेळा वांझ नरच भेटतो. म्हणून ०.१ ला पुन्हा ०.१ ने गुणायचं: १०,०००, त्याचे पाचपट ५०,०००. सूत्र खाली ओढा: पुढच्या पिढीत अडीच लाख विरुद्ध २,५००!

वांझ नरांचा हा हिशेब अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांचा. १९५४ साली कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटावरची स्क्रूवर्म माशी (जिच्या अळ्या जनावरांच्या जखमा पोखरतात) किरणोत्सर्गाने वंध्य केलेल्या माशा सोडूनच संपवली.

पण वांझ नर तेवढाच तगडा असेल, हे कोणी सांगितलं? स्पर्धाक्षमतेसाठी वेगळा सेल ठेवा, त्यात ०.५ टाका, म्हणजे वांझ नर धड नराच्या निम्माच तगडा. दुसऱ्या ०.१ च्या जागी १ भागिले (१ + ९ × ०.५), म्हणजे सुमारे ०.१८ येईल; ५०,००० चे ९१,००० होतील. शेजारच्या शेतातून मीलन उरकून आलेल्या माद्यांची प्रजा मात्र सरळ बेरजेत धरा.