नवा ईआयएन कधी लागतो, कधी नाही

अमेरिकेत धंद्याचं नाव बदललं, पत्ता हलला किंवा आणखी एक शाखा उघडली की पुष्कळजण लगेच नव्या ईआयएनसाठी, म्हणजे धंद्याच्या कर-ओळख क्रमांकासाठी, अर्ज करतात. कृपया करू नका. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकी कर खात्याचा, हा नऊ आकडी क्रमांक धंद्याच्या कायदेशीर रूपाशी जोडलेला असतो; पाटी बदलल्याने तो बदलत नाही. नव्या नावाची नोंद कॉर्पोरेशनने फॉर्म ११२० या आपल्या कर विवरणावरच्या चौकटीत खूण करून करायची, एकट्या मालकाने सहीचं पत्र पाठवून. जबाबदार व्यक्ती (धंद्यावर ताबा असलेली, आयआरएसकडे नोंदलेली व्यक्ती) बदलली असेल तर ६० दिवसांत फॉर्म ८८२२-बी भरून कळवायचं.

एकट्याच्या धंद्याची कॉर्पोरेशन केली, भागीदार घेतला किंवा मालकाची दिवाळखोरी सुरू झाली, तर नवा क्रमांक हवा. भागीदारी मोडून एकानेच धंदा पुढे चालवला तरीही हवा. कॉर्पोरेशनला राज्याकडून नवी सनद मिळाली तर हवा. फॉर्म २५५३ भरून नुसती एस कॉर्पोरेशन (जिच्या नफ्यावरचा कर भागधारक भरतात ती) झाली तर जुनाच चालतो.

खरा गोंधळ एलएलसीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत, होतो. एकट्या सदस्याची एलएलसी मालकाच्या वैयक्तिक सोशल सिक्युरिटी नंबरवर चालत असेल आणि दुसरा सदस्य आला, तर तिला स्वतःचा ईआयएन लागतो. तिच्या नावाने तो आधीच असेल, तर तोच राहतो.

गरज नसताना दुसरा घेतला की काय होतं? पगारातून कापलेला कर नव्या क्रमांकावर जमा होतो आणि त्या कराचं तिमाही विवरण, फॉर्म ९४१, जुन्यावर जातं. मग एका खात्यावर थकबाकी दिसते, दुसऱ्यावर विवरणाविना पडलेले पैसे, आणि नोटिसा सुरू होतात.

नवा क्रमांक लागणारच असेल, तर आधी राज्यात नोंदणी पूर्ण करा, मगच आयआरएसच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. तो फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. जबाबदार व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर मिळू न शकणाऱ्यांचा कर क्रमांक) जवळ ठेवा. अर्ज अर्धवट जतन होत नाही आणि १५ मिनिटं काही केलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. एका जबाबदार व्यक्तीला दिवसाला एकच क्रमांक मिळतो. शेवटी येणारं, क्रमांक मिळाल्याचं सीपी ५७५ पत्र तिथेच उतरवून घ्या. बँक तेच मागते.

चुकून घेतलेला क्रमांक रद्द होत नाही. धंद्याचं पूर्ण नाव, पत्ता, ईआयएन आणि कारण लिहून आयआरएसला पत्र पाठवा, म्हणजे ते खातं बंद करतात.