यीस्टला थंडी सोसते, चटका सोसत नाही : घरी करून पाहण्याचा प्रयोग

पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पाव हलका होतो तो यीस्टने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. गोव्यात पूर्वी पावाचे पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाने, आंबवत. सांनांत, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थात, ती आजही घालतात. आंबण्याचा वेग तापमानावर कसा ठरतो, हे फुग्यांनी मोजता येते.

अर्ध्या लिटरच्या चार सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत 100 मिलिलिटर पाणी आणि चमचाभर साखर घाला. पहिलीत फ्रिजमधले पाणी, दुसरीत 38 अंश सेल्सिअसचे, तिसरीत 65 अंशांचे, चौथीत पुन्हा 38 अंशांचे. तिसरी बाटली आधी कोमट पाण्याने विसळा, नाहीतर काच तडकेल. आता पहिल्या तिघींत एकेक छोटा चमचा सुके यीस्ट घालून ढवळा. चौथीत यीस्ट नको. तोंडावर फुगे चढवा आणि प्रत्येक बाटली त्याच तापमानाच्या पाण्यात उभी करा.

चौथी बाटली वगळण्याचा मोह होतो, पण तिच्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आतली हवा तापली की प्रसरण पावते आणि फुगा थोडा उभा राहतो. ती वाढ कोणती आणि यीस्टची कोणती, हे तीच सांगते.

तासभर दर 10 मिनिटांनी फुग्याभोवती दोरा फिरवून घेर मोजा आणि लिहून ठेवा. दुसरीचा फुगा सर्वांत पुढे जाईल.

आता प्रयोगाचा सगळ्यात सुंदर भाग. थंड आणि गरम, दोन्ही बाटल्या 38 अंशांच्या पाण्यात आणा. थंडीतले यीस्ट हळूहळू कामाला लागते. 65 अंशांतले परत उठत नाही. थंडीत विकरे (एन्झाइम, म्हणजे पेशींतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) मंदावतात, उष्णतेने ती बिघडतात आणि पेशी मरतात. साखर आंबवतात ती विकरेच: 1897 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एदुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाटून काढलेल्या रसानेही साखर आंबते, हे दाखवून दिले.

पुढच्या खेपेस तापमान सारखे ठेवून मिठाचे किंवा साखरेचे प्रमाण बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साखर फार झाली तर पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि काम मंदावते. दुधातली साखर बेकरीच्या यीस्टला पचतच नाही.

आपल्याकडच्या दमट हवेत उघडे पाकीट लवकर निकामी होते. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. आणि फुग्याऐवजी बूच घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.