डहाणू लोकलचा विषय ग्रामसभेत आणि नगर परिषदेत कसा मांडावा

विरार ते डहाणू रोड या सुमारे ६४ किलोमीटरच्या पट्ट्यात उपनगरी सेवा २०१३ साली सुरू झाली खरी, परंतु ती जुन्या दोनच मार्गांवर. याच मार्गांवरून गुजरातकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. त्यामुळे लोकलच्या फेऱ्या मोजक्याच राहिल्या आणि एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बराच वेळ पाहावी लागते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात डिसेंबर २०१६ मध्ये येथील तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी मिळाली. या चौपदरीकरणाबाबत आपल्या स्थानिक संस्थेने ठाम आणि उपयोगी भूमिका घ्यावी असे ज्यांना वाटते, त्यांनी विषय कोणत्या पद्धतीने मांडावा, ते येथे सांगितले आहे.

कोणाच्या हाती काय आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. रेल्वे हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे, आणि हे काम मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आहे, ज्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि राज्य शासनाचा ४९ टक्के आहे. ‘लोकलच्या फेऱ्या वाढवाव्यात’ एवढाच ठराव नगर परिषदेने केला, तर तो शिफारशीपलीकडे जात नाही. मात्र स्थानकाकडे जाणारा रस्ता, रिक्षातळ, वाहनतळ, पावसाळी गटारे, फेरीवाल्यांची जागा आणि शहराच्या विकास आराखड्यातील आरक्षणे यांत नगर परिषदेचा निर्णय मोलाचा ठरतो. माझ्या मते ठरावाचा मोठा भाग याच गोष्टींसाठी असावा, कारण त्यांची जबाबदारी संस्थेला दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

सभेपूर्वी कागद हाती असावेत. आपल्या गावातून जाणाऱ्या मार्गाचा आराखडा, बाधित गट क्रमांकांची यादी, फाटकांऐवजी नियोजित असलेले पूल आणि पादचारी पूल नेमके कोठे उतरणार, ही माहिती माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येते आणि ती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. नगर परिषदेकडील किंवा ग्रामपंचायतीकडील माहितीसाठी महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज करू नये. ‘अमुक फाटकाजवळील पुलाच्या मंजूर नकाशाची प्रत’ असे नेमके लिहावे.

ग्रामसभा आणि नगर परिषदेची सभा यांच्या कामकाजात मोठा फरक आहे. बोईसर किंवा वाणगावसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत असल्याने तेथील मतदार ग्रामसभेत स्वतः उभा राहून बोलू शकतो. पालघर आणि डहाणू येथे नगर परिषदा आहेत, आणि तेथील सर्वसाधारण सभेत नागरिकाला चर्चेत भाग घेता येत नाही. विषय नगरसेवकामार्फतच आणावा लागतो. यासाठी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्यावी, आणि त्याची प्रत आपल्या प्रभागातील नगरसेवकाला देऊन विषय विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असावेत, अन्यथा ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून चर्चेविनाच सभा उरकली जाते.

ठरावाचा मसुदा आपणच लिहून द्यावा आणि त्यात जागेवरची स्थिती असावी. वैतरणा खाडीतील ‘वाढीव’ नावाच्या बेटाचे उदाहरण घ्या. तेथील रहिवासी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने चालत ये-जा करत आले आहेत आणि गाडी आली की त्यांना अंग चोरून उभे राहावे लागते. अशा गावाने ‘रेल्वे सुधारावी’ असे म्हणून भागत नाही. नव्या पुलांसोबत पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र, कठडा असलेली वाट हवी, ही मागणी ठिकाणासह नोंदवली गेली पाहिजे. मला ही मागणी फेऱ्यांच्या मागणीइतकीच निकडीची वाटते.

विरोधी मत टाळू नये, कारण ते बहुधा खऱ्या अडचणीतून आलेले असते. विरारचे प्रवासी म्हणतात की डहाणूहून येणारी गाडी आधीच भरलेली असते. त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि फेऱ्या वाढवण्यासाठी स्वतंत्र मार्गच का हवेत याचे उत्तरही त्यातच आहे. जमीन जाणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. रेल्वे अधिनियमातील विशेष रेल्वे प्रकल्पाच्या तरतुदींनुसार संपादन होत असेल, तर अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते. ही मुदत उलटण्याआधी बाधित कुटुंबांना ती समजावून सांगणे हे समर्थकांचेही कर्तव्य आहे. डहाणू तालुका अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात असल्याने पेसा कायद्याप्रमाणे, म्हणजे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याप्रमाणे, भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे, आणि तिचे इतिवृत्त उपस्थितांच्या सह्यांसह तयार झाले की नाही, हे तेथेच तपासावे. खाडीकिनारी तिवरे तोडावी लागणार असल्यास उच्च न्यायालयाच्या परवानगीचा मुद्दा येतो, म्हणून त्याचीही विचारणा ठरावातच करावी.

ठराव मंजूर झाला की त्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी आणि ती महामंडळ, पश्चिम रेल्वेचे मुंबई विभागीय व्यवस्थापक, नगरविकास विभाग, खासदार आणि आमदार यांच्याकडे जावक क्रमांकासह गेली आहे का, हे पाहावे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्या ठरावावरील कार्यवाहीचा विषय घेण्यासाठी पुन्हा लेखी अर्ज द्यावा. संस्थेवर प्रशासक असेल, तर हाच अर्ज थेट त्यांच्याकडे करून लेखी उत्तर मागावे.