किनाऱ्यानं सांतियागोपर्यंत: पोर्टोहून निघण्याआधीची तयारी

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला, संत याकोबाच्या समाधीला जाणारी ख्रिस्ती पदयात्रा. पोर्तुगालमधल्या पोर्टोहून अटलांटिकच्या कडेनं जाणारी तिची वाट साधारण 280 किलोमीटरची आहे. बहुतेक लोक ती 12 ते 14 दिवसांत चालतात. मोठे घाट नाहीत, पोर्तुगालमध्ये बराच वेळ पायाखाली लाकडी फळ्यांची वाट, डावीकडे समुद्र. हे वर्णन ऐकून सह्याद्रीत नियमित भटकणारे लोक तयारी हलक्यात घेतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेला पट्ट्या लावून बसतात. इथे चढण दमवत नाही. दगडी फरसबंदी, डांबर आणि समोरून येणारा वारा दमवतो. तयारी त्या हिशेबानं करायची.

सगळ्यात आधी तारखा ठरवा, कारण व्हिसा त्यावर अवलंबून आहे. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कमी, पण किनाऱ्यावरची गावं सुट्टीवाल्यांनी भरतात, खोल्या महागतात आणि दुपारी नॉर्ताद नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आपण उत्तरेलाच चालत असल्यामुळे तो सरळ तोंडावर येतो. ऑक्टोबरनंतर गालिसियात, म्हणजे सांतियागो ज्या स्पॅनिश प्रांतात आहे तिथे, पाऊस हटत नाही आणि हिवाळ्यात काही मुक्कामाच्या जागा बंद होतात. 2027 मध्ये 25 जुलैला, म्हणजे संत याकोबाच्या सणाला, रविवार आहे. असं वर्ष पवित्र मानलं जातं आणि गर्दी नेहमीपेक्षा पुष्कळ वाढते. त्या वर्षी जायचं असेल तर सांतियागोमधली राहण्याची सोय आधी करा, बाकीचं नंतर.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज; रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरता त्याच्याकडे. पोर्टोत दोन रात्री आणि सीमेवरच्या कामिन्या गावापर्यंत चार-पाच धरल्या, तरी स्पेनच्या रात्री सहसा जास्त भरतात, म्हणून अर्ज स्पेनकडे. पण सुरुवातीला लिस्बनमध्ये तीन-चार दिवस घातले की पारडं फिरतं. रात्री कागदावर मोजूनच ठरवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, त्यामुळे तीन महिने हातात ठेवलेले बरे. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांहून जुना नको आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. खरी अडचण राहण्याच्या पुराव्याची. सरकारी अल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, आगाऊ बुक होत नाहीत, आणि व्हिसाच्या फाइलला प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो. म्हणून खाजगी अल्बेर्गे किंवा लॉजची रद्द करता येणारी बुकिंग्ज घ्या आणि सोबत तारीख, गाव, किलोमीटर असा एक पानाचा तक्ता जोडा.

सराव आठ-दहा आठवड्यांचा पुरतो, पण तो गडावर नको, रस्त्यावर हवा. डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. सपाट कडक रस्त्यावर 25 किलोमीटरमध्ये तीस हजारांहून जास्त पावलं पडतात, दर वेळी तळव्याच्या त्याच त्या जागेवर भार येतो आणि नडगी, टाच, अंगठ्याखालचा भाग बोलायला लागतो. आठवड्यात तीन दिवस आठ-दहा किलोमीटर चालावं. शेवटच्या महिन्यात निदान दोनदा शनिवारी 20 आणि लगेच रविवारी 18 किलोमीटर, भरलेली सॅक पाठीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी काय दुखतं, हे कळणं हाच या सरावाचा उपयोग.

घोट्यापर्यंतचे जड बूट घरीच ठेवा. ट्रेल रनिंगचे हलके बूट घ्या, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. निघण्याआधी ते शंभरेक किलोमीटर चाललेले असावेत. लोकरी मिश्रणाचे मोज्यांचे तीन जोड. सुती मोजे घामानं ओले राहतात आणि फोड तिथूनच येतात. या वाटेवरची खास भानगड वाळूची आहे. वाऱ्यानं ती फळ्यांवर येऊन साचते, जाळीच्या बुटातून आत जाते, मोज्याच्या विणीत बसते आणि कातडी घासत राहते. पाय चुरचुरला की पुढच्या गावाची वाट पाहू नका. तिथेच बसा, बूट-मोजा काढून झटका, पाय कोरडा पुसा आणि त्या जागेवर पट्टी लावा. फोड आल्यावर त्यात दोरा ओवून ठेवण्याचा सल्ला वाटेवर हमखास मिळतो. त्यानं जंतुसंसर्ग होतो, ऐकू नका. हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानांत फोडांवरच्या जेलच्या पट्ट्या सगळीकडे मिळतात.

सॅक 30 ते 36 लिटरची, आणि पाणी सोडून एकूण वजन तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. वारीत दिंडीचा ट्रक सामान नेतो, इथे सगळं पाठीवर. अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, एक ऊबदार पातळ जॅकेट, हलकी स्लीपिंग बॅग, झटकन वाळणारा टॉवेल, अंघोळीला आणि संध्याकाळी चालेल अशी चप्पल, कानात घालायचे बोळे, हेडलॅम्प, चार सेफ्टी पिना (न वाळलेले मोजे सॅकवर लटकवायला) आणि कपड्यांसाठी साबणाची एक वडी. पावसाला पोंचो नको, कितीही स्वस्त असला तरी. या किनाऱ्यावर तो शिडासारखा फुगतो आणि खालून अंग भिजतंच. जॅकेट आणि सॅकवरचं कव्हर बरं. टोपीला हनुवटीखालून दोरी हवी. चालण्याच्या काठ्या घेणार असाल तर विमानात चेक-इन सामानात टाका, आणि टोकांना रबरी बूच लावा. उघडं टोक फळ्यांमधल्या फटीत अडकतं आणि आपला तोल जातो. बुचं पडतात, म्हणून एक जोडी जादा. फळ्या सकाळी दवानं ओल्या असतात, तेव्हा पाऊल आखूड टाकावं.

मोबाइलच्या चार्जरची आपली दोन बारीक पिनांची प्लग तिथे चालते, तीन पिनांची नाही. नेहमीची औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. आणि घरून खाऊ नेताना एक लक्षात ठेवा: युरोपियन संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे नाहीत. मेतकूट, भाजणी, कोरडा चिवडा चालेल. भाजणी शिजवायची कुठे, ते मात्र आधी ठरवा, कारण गालिसियातल्या सरकारी अल्बेर्गेत स्वयंपाकघर असतं पण भांडी बहुधा नसतात.

शाकाहारी माणसाचं उपाशी मरण होत नाही, पण विचारून खावं लागतं. पोर्तुगालच्या काल्दु व्हेर्द सूपमध्ये सॉसेजची चकती असते, गालिसियाच्या काल्दोमध्ये डुकराची चरबी. स्पेनमध्ये ‘व्हेजेताल’ म्हणून मागवलेल्या सँडविचमध्ये ट्यूना आणि अंडं निघतं. मिश्र सॅलडचंही तेच. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासा येतो, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासा नको, हॅम नको) हे तिन्ही म्हणा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड आम्लेट, कुठेही मिळते, आणि पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या आहेतच. पोर्तुगालमध्ये न मागता टेबलावर ठेवलेले पाव-ऑलिव्ह खाल्ले तर बिलात लागतात. नको असतील तर परत पाठवा. स्पेनमध्ये स्वयंपाकघर दुपारी चारच्या सुमारास बंद होतं, रात्री साडेआठशिवाय उघडत नाही, आणि रविवारी किराणा मिळणं कठीण. शनिवारी संध्याकाळी पाव, चीज, फळं घेऊन ठेवा.

पोर्टोत क्रेदेन्सियाल, म्हणजे वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के घ्यायचं पत्रक, से कॅथेड्रलमध्ये मिळतं. तिथून मातुझिन्युशपर्यंत शहर आणि बंदरच आहे. मेट्रोनं ते टाळण्यात काही कमीपणा नाही, उलट पहिला दिवस विला दु कोंदपर्यंत आवाक्यात येतो. स्पेनमधले आ गुआर्दा ते बायोना हे साधारण 30 किलोमीटर मात्र नीट आखा. दुकानं तुरळक, वाट बऱ्याच ठिकाणी मोठ्या रस्त्याला चिकटून. ओयाला किंवा मौगासला थांबून त्याचे दोन दिवस केलेले चांगले. ओयात समुद्राला अगदी खेटून उभा असलेला जुना मठ आहे, तिथे थांबायला निमित्तही मिळतं.

त्याआधी कामिन्याला मिन्यो नदी. पलीकडे स्पेन. मोठ्या फेरीबोटीवर विसंबू नका, नदीच्या मुखाशी गाळ साचतो. छोट्या खाजगी बोटी पाच-सात युरोत पलीकडे सोडतात, पण भरती-ओहोटी आणि वारा पाहून. आदल्या संध्याकाळी बोटवाल्याला मेसेज करा आणि वेळ कोणत्या देशाची, ते विचारून घ्या, कारण स्पेनचं घड्याळ एक तास पुढे आहे. रोख पैसे हातात ठेवा. बोट बंदच असेल तर नदीकाठानं साधारण 28 किलोमीटर वर वालेन्सा, तिथून पूल ओलांडून तुई, आणि मधल्या मार्गानं, म्हणजे पोर्टोहून आतल्या भागातून सांतियागोला जाणाऱ्या दुसऱ्या वाटेनं, रेदोंदेलाला पुन्हा मूळ वाटेवर. बायोना आणि व्हिगो हुकतात, पण दिवस वाया जात नाही. घड्याळाच्या त्या एका तासामुळे सप्टेंबरअखेर गालिसियात सव्वाआठच्या आसपास उजाडतं, हेडलॅम्प त्यासाठीच.

गालिसियातल्या सरकारी अल्बेर्गेत 10 युरोत पलंग आणि एकदा वापरायची चादर मिळते, एकच रात्र, येईल त्या क्रमानं. दार दुपारी एकला उघडतं. सॅक पुढच्या गावी पाठवणाऱ्या सेवा आहेत, पण सरकारी अल्बेर्गे अशा सॅका घेत नाहीत. खाजगी जागेचाच पत्ता द्या. सॅक पलंगावर टाकण्याआधी गादीच्या शिवणी उजेडात पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, पलंग बदलून मागा.

रेदोंदेलापासून मधल्या मार्गाची गर्दी मिसळते. व्हिगोपासून पुढे, म्हणजे शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये, दिवसाला दोन शिक्के घ्यायला विसरू नका, कॅफेतलेही चालतात. ते दाखवून सांतियागोच्या यात्री कार्यालयात कोम्पोस्तेला, म्हणजे यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मोफत मिळतं, नोंदणी आधी ऑनलाइन करून ठेवली की रांग झटपट सरकते. कारण धार्मिक किंवा आध्यात्मिक, असं विचारतात. ख्रिस्ती असण्याची अट नाही. सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, ती आधी मुक्कामावर ठेवा.

परतीचं विमान पोर्टोहून असेल तर थेट बस सोयीची. रेल्वेनं जाताना व्हिगोला गाडी बदलावी लागते, आणि सांतियागोच्या बहुतेक गाड्या उर्साइस स्टेशनात येतात, तर पोर्टोची गाडी गिशार स्टेशनातून सुटते. दोन्हींमध्ये साधारण एक किलोमीटरचं अंतर आहे, तेव्हा मध्ये निदान तासभर ठेवूनच तिकिटं काढा.